उन्हाळा छतातून उतरतो

वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत शिडी लावून ज्याला वर चढावं लागलं आहे, त्याला हवा वर वेगळी आणि खाली वेगळी असते हे शिकवावं लागत नाही. आढ्याला टांगलेलं बियाण्याचं गाठोडं काढायला लहानपणी मी चढायचो. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत उकाडा रोजचाच असे. चौथ्या-पाचव्या पायरीवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी धग चेहऱ्यावर यायची, कान तापायचे, आणि पत्र्याला बोट लागलं तर चटका बसायचा. गाठोडं घेऊन खाली उतरलो की तीच खोली गार वाटायची. खोली जेमतेम दहा फूट उंच, आणि तिच्यात दोन ऋतू एकावर एक रचलेले.

आमच्या पत्र्याच्या खोलीला लागूनच आजोबांचं मातीच्या छताचं घर, माळवद होतं. तिथे दुपारी दोनला आणि रात्री दोनला हवा जवळपास सारखी असे. त्या घरात पंखाही नव्हता. एका भिंतीच्या अंतरावरच्या या दोन घरांनी मला जो प्रश्न दिला, तोच आज आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव आणि कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या प्रत्येक गावापुढे, खरं तर सगळ्या मराठवाड्यापुढे उभा आहे. घरातली उष्णता सारखी कशी करायची? आणि विजेचं बिल न वाढवता कशी करायची?

इमारतीतली हवा सारखी करून वीज वाचवण्याची कल्पना जगात नवी नाही. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर जाऊन बसते. उंच गोदामात, कारखान्यात, सभागृहात दर मीटर उंचीला अर्धा ते एक अंश फरक पडणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. थंड देशांत त्यामुळे मोठं नुकसान होतं. माणसं खाली कुडकुडत असतात आणि इंधन जाळून तापवलेली हवा छताशी निवांत बसलेली असते. तिथे छताला मोठे पंखे बसवून, ते अगदी सावकाश फिरवून ती हवा खाली आणतात. खाली ऊब पोचली की हीटर कमी चालतो, छतातून बाहेर जाणारी उष्णताही घटते. युक्ती साधी आणि खरी आहे.

पण ती युक्ती जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणली तर घात होतो. संत नामदेवांच्याच दोन गावांवरून हे समजून घेता येईल. परंपरेनुसार त्यांचा जन्म नरसीचा, आणि उत्तरायुष्यातली त्यांची कर्मभूमी पंजाबातलं गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान. २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, तेव्हा ते नाव मराठी घराघरांत पोचलं. घुमानच्या जानेवारीत हीटर लावलेल्या उंच दिवाणखान्यात छताजवळची हवा खाली आणली, तर ती उपकारक. नरसीच्या मे महिन्यात पत्र्याखालची हवा खाली आणली, तर तो अंगावर घेतलेला जाच. आपल्या घरातले पंखे नेमकं हेच दुसरं काम करतात. दुपारी पंखा गरम वारा टाकतो ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि तिच्यात पंख्याचा काही दोष नाही. पत्र्याखाली साठलेली धग उपसून खाली ओतण्यापलीकडे त्याला दुसरं काही करताच येत नाही. त्यात हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, तापलेली असेल तर ती शरीराची उष्णता नेण्याऐवजी शरीराला उष्णता देते. मग सगळी भिस्त घाम वाळण्यावर राहते. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं इथेच हरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्या हवामानात तापमान सारखं करायचं ते आधी काळात, नंतर जागेत. दुपार आणि पहाट यांच्यातलं अंतर घराच्या आत मोडलं पाहिजे. ते छताने करायचं काम आहे. छत ते करत नसेल तर खाली कितीही यंत्रं लावा, ती छताचं पाप फेडत बसतील.

माळवद हेच काम करायचं. तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर तुराट्या नाहीतर पाला, आणि वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. भिंती दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या. एवढ्या जाड मातीतून ऊन पार व्हायला आठ ते बारा तास लागतात. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते, दारं उघडी असतात आणि माणसं बाज टाकून अंगणात नाहीतर माळवदावरच झोपलेली असतात. घराची उष्णता निघून जाते तेव्हा घरात कुणी नसतं. धूर जाण्यासाठी छताला ठेवलेलं भोक वर चढलेली गरम हवाही सोबत घेऊन जाई. पावसात त्याच्यावर फुटकी घागर पालथी घातली की झालं. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून ते चोपून घ्यायचे. हे सगळं करणाऱ्यांना उष्णतेचं गणित कुणी शिकवलं नव्हतं, पण गणित बरोबर होतं.

आणि तरीही मी माळवद परत आणा म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपाने काय केलं ते मराठवाडा विसरलेला नाही. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्क्यापेक्षा जास्त माणसं घरांनी मारली, असं म्हटलं तर ते खोटं नाही. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती उसवल्या आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढवून जड झालेली माळवदं झोपलेल्यांवर आली. गारवा देणारं वजनच जीवावर उठलं. त्यानंतर लोकांनी पत्रा आणि स्लॅब जवळ केला तो हौसेपोटी नाही, भीतीपोटी केला, आणि त्या भीतीला आधार होता. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि लोक घरांबाहेर धावले. त्या दोन्ही सकाळी ज्याच्या डोक्यावर पत्रा होता तो त्यातल्या त्यात निर्धास्त होता. जुन्या घरांच्या प्रेमात पडून लिहिणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं. शहरातल्या सिमेंटच्या घरात बसून खेड्याला मातीचा उपदेश करणं मला पटत नाही.

पण भूकंपाच्या भीतीने आपण वजन टाकलं, तेव्हा वजनाबरोबर त्याचं कामही टाकून दिलं, आणि त्या कामाला दुसरा गडी लावला नाही. चूक तिथे झाली. पत्र्याला उष्णता अडवता येत नाही. ऊन पडलं की काही मिनिटांत तो तापतो आणि तापलेल्या तव्यासारखी खाली धग फेकतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. माणसाला फक्त हवेचं तापमान जाणवत नाही, भोवतालच्या पृष्ठभागांचंही जाणवतं. खोलीतली हवा ३६ अंश आणि डोक्यावरचा पत्रा साठीच्या घरात असेल, तर शरीराला ती खोली छत्तिसाची वाटत नाही. हिवाळ्यात याच पत्र्याखाली उलटी तऱ्हा. परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. तसल्या पहाटे पत्र्याला आतून दव सुटतं आणि अंथरुणावर थेंब पडतात.

स्लॅबची गोष्ट वेगळी आणि एका परीने जास्त फसवी आहे. चार-पाच इंच काँक्रीट उष्णता अडवतं, पण तीन-चार तासच. म्हणजे दुपारी एकचं ऊन संध्याकाळी पाचला आत येतं, आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. माळवदाची उष्णता माणूस बाहेर झोपलेला असताना निघून जायची. स्लॅबची उष्णता माणूस शेतातून, दुकानातून घरी येतो नेमकी तेव्हा त्याची वाट बघत असते. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात गावातले सगळे पंखे, कूलर आणि आताशा एसी एकदम चालतात. सौरऊर्जा मावळलेली असते तीच ही वेळ. म्हणजे स्लॅबच्या जाडीचा प्रश्न वीजकेंद्रापर्यंत जाऊन पोचतो.

आता हिशेब करू. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४२ च्या आसपास आणि पहाटे २६-२७. घराने दिवस आणि रात्र पूर्ण सारखी केली, तरी मध्यावर चौतिसाच्या जवळपास येणार. रात्री खिडक्या सताड उघड्या, दिवसा बंद आणि सावलीत ठेवल्या तर आणखी दोनेक अंश उतरतील. म्हणजे ऐन मे महिन्यात नुसत्या छताने गारवा मिळणार नाही, हे मान्य. पण बत्तीस-तेहतीस अंश आणि वर पंखा, हे आपल्या माणसाला सोसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचं अंतर असतं, तेव्हा चांगलं छत असलेल्या घराला काहीच लागत नाही. उन्हाळा चार महिन्यांचा धरला, तर यंत्राची खरी गरज पाच-सहा आठवड्यांवर येते. उरलेले अडीच महिने आपण छताच्या चुकीचं बिल भरतो.

औंढा नागनाथाला गेलेल्यांनी या गोष्टीचा एक टोकाचा नमुना अनुभवलेला आहे. अरुंद पायऱ्या उतरून, जवळजवळ बसत सरकत, जमिनीखालच्या गाभाऱ्यात जायचं. भोवती दगड, दगडाभोवती जमीन. जमीन खोलवर वर्षाच्या सरासरीला धरून राहते, म्हणून तिथे वैशाख आणि पौष यांत फार फरक पडत नाही. पण महाशिवरात्रीला गर्दीत तिथे उभं राहिलं की दुसराही धडा मिळतो. तापमान स्थिर असून घुसमट होते, कारण वारा नाही. उष्णता सारखी करणं पुरत नाही, हवा हलतीही हवी. स्थिरपणा छताने द्यायचा आणि हालचाल पंख्याने, अशी कामाची वाटणी आहे. या दोघांना एकमेकांची कामं सांगितली की दोन्ही बिघडतात.

औंढा तालुक्यातच दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी. २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तसल्या नाजूक उपकरणांभोवतीचं तापमान स्थिर ठेवणं हा तिथल्या बांधकामाचा भाग असतो, शोभा म्हणून नंतर जोडलेली गोष्ट नसते. ते योग्यच आहे आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटावा. मला एवढंच वाटतं की त्या उपकरणातल्या आरशाला जे लागतं ते बाळंतिणीलाही लागतं. पत्र्याच्या खोलीत दार लावून, तान्ह्याला घेऊन सव्वा महिना काढणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय आहे, हाही बांधकामाचाच प्रश्न मानला पाहिजे.

आज तो तसा मानला जात नाही. घरकुल योजनेत २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात केंद्र आणि राज्य मिळून १ लाख २० हजार रुपये. या पैशात स्लॅब नाहीतर पत्रा पडतो, हप्ता निघण्यासाठी फोटो निघतात आणि काम संपतं. छत किती तापतं हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही. घरं बांधताना उष्णता किती आत यावी याची मर्यादा सांगणारी ‘इको निवास संहिता’ देशाने २०१८ मध्ये केली, पण तिचा रोख मोठ्या निवासी प्रकल्पांवर आहे. खेड्यातल्या एका खोलीपर्यंत ती येत नाही. २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’मध्ये २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट आहे. ते उद्दिष्ट गाठायचं तर सुरुवात डोक्यावरच्या छतापासून व्हायला हवी, कारण सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

स्वस्त म्हणजे किती? स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि आतली हवा दोन-तीन अंशांनी उतरते. २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने उष्णतेविरुद्ध आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली हजारो छतं पांढरी केली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं आणि सरकारी, व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. १९५६ पर्यंत नरसी आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. ऊन तेच आहे. तिथे जे जमतं ते इथे का जमू नये?

पत्र्याला नुसता पांढरा रंग पुरत नाही, त्याला खालून आडोसाही हवा. आमच्याकडे लोक पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा टाकतात. ते बरोबरच आहे, पण आगीची आणि वाऱ्याची भीती राहते. त्यापेक्षा पत्र्याखाली वीतभर जागा सोडून चटईचं, बांबूचं किंवा जाड कापडाचं दुसरं छत ताणावं आणि दोन्ही टोकांना भिंतीत वरच्या बाजूला झरोके ठेवावेत. तापलेली हवा त्या पोकळीतून बाहेर जाते आणि तव्याची धग माणसाच्या डोक्यावर पडत नाही. जुन्या वाड्यांतल्या तक्तपोशीचा एक उपयोग हाच होता. वजन जवळजवळ काही नाही, म्हणजे भूकंपातही धोका नाही. माळवदाचं काम असं हलक्या हातांनी करून घेता येतं.

मग यंत्रांची पाळी. कूलर हे आपल्या कोरड्या उन्हाळ्याचं उत्तम यंत्र आहे. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेतं, आणि दीड टनी एसीला दीड हजार वॉटच्या आसपास लागतात तिथे कूलर दोनशेत भागवतो. पण बहुतेक घरांत तो दार-खिडक्या लावून चालवतात आणि तासाभरात खोली चिकट होते. कूलरने आत ढकललेल्या हवेला समोरून बाहेर जायला वाट लागते. ती वाट उंचावर ठेवली तर छताखालची गरम हवाही तिच्याबरोबर जाते. पाऊस सुरू झाला की कूलरचं काम संपलं, हेही खरं. आणि उन्हाळ्यात पाणी टँकरने येणाऱ्या गावाला कूलर भरा म्हणणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून तर छत आधी.

एसी हिंगोलीच्या दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत आलेच आहेत, गावांतही येतील. ज्याला परवडतो त्याने का घेऊ नये? उकाड्यात झोप न मिळालेल्या माणसाला साधेपणाचं कौतुक सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण एसीच्या खोलीत हवा सारखी करण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो, आणि इथे थंड देशांची ती युक्ती आपल्याही उपयोगाची आहे. एसीची गार हवा जड असते, ती एका कोपऱ्यात खाली बसते. समोरचा माणूस स्वेटर घालतो, पलीकडचा घाम पुसतो, आणि पलीकडच्यासाठी कुणीतरी आकडा अठरावर नेतं. असमान हवेवर आपण जास्त थंडीचा उतारा शोधतो. त्याऐवजी आकडा सव्वीसवर ठेवून छताचा पंखा सावकाश लावला, तर गार हवा सगळीकडे पोचते आणि वाऱ्यामुळे अंगाला दोन-तीन अंश कमीच वाटतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. वीसवरून सव्वीसवर आलं तर तीस टक्क्यांच्या जवळपास. नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉट घेतो, म्हणजे एसीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चोवीस अंशांवरच सुरू होतात, तो नियम याच विचारातून आला. अट एकच, छत आधी थंड केलेलं हवं. तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणं म्हणजे तळाला भोक असलेला हौद भरत राहणं.

सभामंडप, मंगल कार्यालयं आणि शाळा यांचा वेगळा विचार करावा लागतो, कारण तिथे वीस-पंचवीस फूट उंचीवर पत्रे असतात आणि खाली शेकडो माणसं. आषाढ वद्य एकादशीला पंढरीहून परतलेली वारी नरसीत येते. त्या वेळी हवा दमट असते आणि गर्दीची स्वतःची ऊब असते. उंच मांडवात गरम हवा वर जाते ही तिथे सोय आहे, फक्त तिला आढ्याला लांबलचक उघडी फट हवी. ती फट बंद करून वर पंखे लावणारे मांडव मी ठिकठिकाणी पाहिले आहेत, आणि तिथे कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यांचे हाल पाहिले आहेत. शाळांनी एक उपाय फार पूर्वी शोधला. मार्चपासून सकाळची शाळा. दुपारशी भांडायचं नाही, दिवसाचा गार भाग वापरायचा, हेही काळाशी जुळवून घेणंच. पण अंगणवाडीतली मुलं आणि दवाखान्यातली माणसं दुपारीही तिथेच असतात. त्यांना वेळ बदलून चालत नाही.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. उन्हाळ्याआधीची तीच शेवटची सोयीची संधी, कारण १ मेची ग्रामसभा भरते तेव्हा छतं तापून चुकलेली असतात. माझी नरसीच्या आणि आसपासच्या प्रत्येक गावच्या लोकांना विनंती आहे की त्या दिवशी एक ठराव मांडा. अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या छतांना फेब्रुवारीत चुना. त्या वर्षी मंजूर झालेल्या प्रत्येक घरकुलाला, स्लॅब असेल तर चुना, पत्रा असेल तर खालून दुसरं छत आणि दोन झरोके. खर्च ग्रामपंचायतीच्या निधीतून. ठराव लिहून घ्या, आणि मार्च उजाडायच्या आत शिडी लावून स्वतः वर चढून बघा, काम झालं की नाही.